लघु-लॅपटॉप-मीमांसा, अर्थात बल आणि वाह्यता यांचा एकदाचा निकाल

१. अनुबंध

शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. हल्लीचे लेखक तो मोडून थेट मुद्द्याला हात घालतात. प्रस्तुत लेखकाला तेवढी घाई नाही.

विषय : चौदा इंच किंवा त्याहून लहान पडद्याचा, दोन किलोंच्या आतला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बाळगणारा गेमिंग लॅपटॉप. प्रयोजन : त्याचे 'बल' आणि त्याची 'वाह्यता' यांचा निकाल लावणे. बल म्हणजे गेम न अडखळता चालवण्याची ताकद. वाह्यता म्हणजे उचलून नेताना कपाळावर आठी न पडण्याचा गुण. संबंध : या दोन गुणांचे एकमेकांशी हाडवैर आहे, आणि दोघांना एका घरात नांदवण्याबद्दल कंपन्या लाखाच्या पुढे दक्षिणा घेतात.

अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ वाचण्यास पात्र कोण? ज्याच्याजवळ लाख-दीड लाख रुपये आहेत तो नव्हे. ज्याच्या वडिलांजवळ आहेत तो. त्यातही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश मिळालेला आणि "अहो बाबा, ऑटोकॅडला ग्राफिक्स कार्ड लागतंच" हे वाक्य निर्विकार चेहऱ्याने म्हणू शकणारा तो उत्तम अधिकारी. नोकरीला लागून, मीटिंगमध्ये उघडता येईल असा सभ्य दिसणारा गेमिंग लॅपटॉप शोधणारा तो मध्यम. "नुसतं बघून ठेवतोय" म्हणणारा कनिष्ठ. पण बहुमत त्याचेच.

२. पूर्वसूरी

वाह्यतेच्या इतिहासाचा आरंभ १९८१ साली 'ऑस्बोर्न १' या संगणकापासून धरावा. त्याचा कर्ता ॲडम ऑस्बोर्न हा बँकॉकमध्ये जन्मलेला आणि तमिळनाडूत तिरुवण्णामलैला वाढलेला गृहस्थ. वडील रमण महर्षींचे भक्त. त्या संस्कारांमुळेच की काय, जड आणि हलके यांत भेद नाही अशी भूमिका त्याने घेतलेली दिसते. यंत्राचे वजन अकरा किलोंच्या घरात, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर, आणि तरी बिरूद 'पोर्टेबल'. विमानात सीटखाली मावतो, ही त्याची ख्याती. मात्र त्याच्या पोटात बॅटरी नव्हती. म्हणजे तो विमानात नेता येई. चालवायचा तर उतरल्यावर कुठेतरी भिंतीतला प्लग शोधणे आले. वाचकाने हा प्लग ध्यानात ठेवावा. या मीमांसेचा सगळा सिद्धांत तिथेच दबा धरून बसला आहे.

२०१० साली एलियनवेअरने एम११एक्स काढला : ११.६ इंची पडदा, सुमारे दोन किलो वजन, किंमत ७९९ डॉलरपासून पुढे. ग्राफिक्स कार्ड त्या काळाच्या मानाने दणकट, पण प्रोसेसर अवघ्या १.३ गिगाहर्ट्झचा, कमी वीज खाणारा. बलाचा अर्धा भाग उपाशी ठेवून वाह्यता साधण्याचा हा प्रयोग २०१२ मध्ये थांबला. २०१३ साली रेझरने चौदा इंची ब्लेड आणून संप्रदाय पुढे चालवला. याच परंपरेत एक पाखंडी पंथही होऊन गेला, त्याचीही नोंद केली पाहिजे. २०१७ मध्ये विक्रीला आलेला एसरचा प्रेडेटर २१ एक्स : २१ इंची वक्र पडदा, दोन ग्राफिक्स कार्डे, दोन अडॅप्टर, वजन आठ किलोंच्या वर, किंमत ८,९९९ डॉलर. ज्याला लॅपटॉप म्हणावे, पण मांडीवर घेण्याआधी अस्थितज्ज्ञाला विचारावे, असे ते यंत्र होते.

आपला मुख्य दृष्टान्त मात्र असूसचा झेफिरस जी१४. जानेवारी २०२० मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात तो प्रकटला. आठ कोअरचा रायझन प्रोसेसर, आरटीएक्स २०६० मॅक्स-क्यू कार्ड, ७६ वॉट-तासांची बॅटरी आणि हे सगळे १.६ किलोंत. काही प्रकारांच्या झाकणावर १,२१५ इवले दिवे होते, ज्यांतून मालकाला आपले नाव समोरच्या माणसाकडे सरकवता येई. एवढ्या दिव्यांच्या गर्दीत कॅमेऱ्याला मात्र जागा झाली नव्हती. आता योगायोग पाहा. २५ मार्च २०२० पासून आपल्याकडे टाळेबंदी लागली. सगळीकडे नेता यावे म्हणून घडवलेले यंत्र नेमके अशा वर्षी आले की कोणालाच कुठे जाता येईना, आणि ज्या वर्षी सगळ्या जगाला कॅमेऱ्यासमोर बसावे लागले त्याच वर्षी त्याला कॅमेरा नव्हता. इतिहासाने वाह्यतेची याहून निर्मळ थट्टा केलेली नाही.

३. शब्दप्रमाण, म्हणजे खोक्यावर काय लिहिले आहे

नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. लॅपटॉप घेणारा यांचा क्रम उलटा लावतो. आधी शब्द, म्हणजे कंपनीचे पत्रक. मग उपमान, म्हणजे मावसभावाचा लॅपटॉप. अनुमान मित्रांवर सोपवतो. आणि प्रत्यक्ष पैसे भरून झाल्यावर.

शब्दप्रमाणाचा मोठा दोष असा की ते नाव सांगते आणि वॉट लपवते. 'आरटीएक्स ४०६०' हे एकच नाव, पण लॅपटॉपात बसताना या चिपला बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज दिली जाऊ शकते. ३५ वॉटचा आणि ११५ वॉटचा ४०६० हे एका आडनावाचे दोन इसम आहेत. पत्रिका जुळवताना गोत्र विचारावे लागते. नावांचा गोंधळ वरच्या घराण्यांत आणखी वाढतो. टेबलावरच्या संगणकातले ४०९० कार्ड १६,३८४ कोअरचे, ४५० वॉट खाणारे. लॅपटॉपातले ४०९० हे ९,७२८ कोअरचे आणि ८० ते १५० वॉटांत भागवणारे. शिवाय कंपनीचे मूळ टेबली कार्ड एकटेच दोन किलोंहून जड आहे. म्हणजे आपल्या दृष्टान्तातला अख्खा लॅपटॉप, पडदा-कीबोर्ड-बॅटरीसकट, त्या एका कार्डापेक्षा हलका भरतो.

हा वॉटांचा आकडा तांत्रिक भाषेत टीजीपी. तो दुकानात विचारून पाहावा. संवाद साधारणपणे असा होतो :

"याचा टीजीपी किती आहे?"

"सर, आठ जीबी."

"नाही, कार्डाला वॉट किती मिळतात?"

"सर, बॅग फ्री आहे."

येथे शब्दप्रमाण संपते.

तथापि कमी वॉट म्हणजे त्याच प्रमाणात कमी बल, असे समजणारेही चुकतात. चिपला लागणारी वीज वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. त्यामुळे वरच्या टप्प्यात ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर वीज सुमारे २७ टक्क्यांनी वाचते. लहान लॅपटॉपांचा अवघा संसार या २७ टक्क्यांवर चालला आहे. जी१४ मधले कार्ड ६५ वॉटांवर समाधानी होते ते याच गणितामुळे. शेवटच्या मूठभर फ्रेम सोडल्या की विजेची पोतीच्या पोती वाचतात. संतोषाला भौतिकशास्त्राचा एवढा भक्कम आधार क्वचित मिळतो.

४. अनुमान, म्हणजे जेथे पंखा तेथे ताप

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचे पाठ्य उदाहरण. आमच्या विषयात धुराच्या जागी पंख्याचा आवाज घ्यावा. (धूरच दिसला तर अनुमान बाजूला ठेवून प्लग काढावा.)

खेळताना प्रोसेसर आणि कार्ड मिळून १०० वॉटांच्या आसपास वीज खातात, आणि खाल्लेली बहुतेक सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या काळचा १०० वॉटचा पिवळा बल्ब पोळीच्या डब्यात बंद करून डबा मांडीवर घ्यावा, म्हणजे अभियंत्यांपुढची अडचण कळेल. हवेची घनता आणि उष्णता धारण करण्याची क्षमता धरून हिशेब मांडला, तर १०० वॉट उष्णता वीस अंशांनी तापलेल्या हवेबरोबर बाहेर घालवायला सेकंदाला सुमारे चार लिटर हवा फिरवावी लागते. जी१४चे स्वतःचे आकारमान साधारण १.३ लिटर. म्हणजे आपल्या देहाच्या तिप्पट हवा त्याने दर सेकंदाला आत घेऊन बाहेर टाकायची, तीही बोटाएवढ्या जाडीत बसवलेल्या दोन पंख्यांनी. प्राणायामाच्या कोणत्याही परंपरेत हा वेग सांगितलेला नाही.

येथे देश आणि काळ यांचा विचार सुटता कामा नये. चिप ९५ अंशांच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करते. खोली २५ अंशांची असेल तर चिप आणि खोली यांच्यात ७० अंशांचे अंतर राहते, आणि उष्णता त्या अंतराच्या प्रमाणात बाहेर पडते. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी हे अंतर ५० उरते. म्हणजे बाहेर टाकता येणारी उष्णता जवळजवळ २९ टक्क्यांनी घटली. तात्पर्य, जर्मनीत हिवाळ्यात लिहिलेले लॅपटॉपचे परीक्षण विदर्भात उन्हाळ्यात प्रमाण मानता येत नाही. ते मार्गशीर्षापुरते ग्राह्य धरावे. कूलर लावून खोली तिसावर आणली तर नुकसान ७ टक्क्यांवर येते. मात्र लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नये, कारण कूलरच्या थंडाव्यात पाण्याचा वाटा असतो आणि पाणी व मदरबोर्ड यांच्यात अद्वैत साधल्याचे उदाहरण नाही.

५. प्रत्यक्ष, म्हणजे हात लावून पाहणे

परीक्षणाची प्रचलित पद्धत अशी की गेम पाच मिनिटे चालवायचा, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहायचा आणि "मख्खन" म्हणायचे. हे अशास्त्रीय आहे. नव्याचे नऊ दिवस असतात, तशी थंड लॅपटॉपची नव्याची नऊ मिनिटे असतात. त्या मिनिटांत धातू थंड, चिप ताजी आणि विजेचा हात सैल. खरे बल अर्ध्या तासानंतर दिसते, एकाच गेममधला एकच प्रसंग, तीच खोली आणि तोच पंख्याचा आकडा ठेवून पाहिल्यावर. सरासरी फ्रेमवर जाऊ नये. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यांतली एखादीच फ्रेम पन्नास मिलिसेकंदांनी आली तर सरासरी तसूभर हलत नाही, पण नेमका तेव्हाच आपल्याला गोळी लागते.

तापमानाचा नकाशा बोटांनी काढावा. कीबोर्डच्या वर, फंक्शनच्या कळा आणि बिजागरी यांच्यामधली पट्टी सर्वांत तापते. तिथे कोणी बोट ठेवत नाही, म्हणून अभियंत्यांनी उष्णतेला तिथे गावठाण मंजूर केले आहे. महत्त्वाच्या चार कळा डावीकडे : डब्ल्यू, ए, एस, डी. डावा हात तासन् तास त्यांच्यावर असतो आणि उजवा माऊसवर हवा खात असतो. अर्ध्या तासाने डाव्या करंगळीला कोमट आणि मधल्या बोटाला गरम लागले तर रचना बरी. चारही बोटांचे एकमत झाले तर दुसरा लॅपटॉप बघावा. आता लॅपटॉप तिरका करून बुडाकडची जाळी पाहावी. हवा आत घेण्याचा मार्ग तोच. पलंगावर, गोधडीवर ठेवून खेळणारा मनुष्य आधी या जाळीचे तोंड दाबतो आणि मग वर पंख्याला बोल लावतो.

आवाजासाठी डेसिबल हे एकक आमच्या घरांत निरुपयोगी आहे. शेजारच्या खोलीतून काय ऐकू येते यावर मापन करावे. "काय रे वाजतंय?" हा पहिला अंश. "ते आधी बंद कर" हा दुसरा. आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही एका दमात ऐकू आले तर पंखे कमाल वेगाला पोचले असे समजावे.

६. वाह्यता-प्रकरण

आता वजनाकडे. पत्रकावर १.६ किलो असते आणि सॅक पाठीला लावली की तीन भरतात. मधले दीड किलो कोठून येतात? जी१४ बरोबर १८० वॉटचा अडॅप्टर येतो. या वर्गातले अडॅप्टर वायरसकट अर्ध्या किलोच्या आगेमागे असतात. त्यात माऊस आणि हेडफोन. त्यात एक्स्टेंशन बोर्ड, कारण पाहुण्यांच्या घरातला एकमेव सॉकेट नेहमी फ्रीजच्या मागे असतो. शिवाय कंपनीने फुकट दिलेली बॅगही बिनवजनाची नसते. म्हणून प्रस्तुत लेखक 'सॅक-वजन' ही संज्ञा सुचवतो : खेळायला जे जे लागते ते सर्व धरून होणारे वजन. पत्रकावरचे वजन हे अडॅप्टर घरी विसरलेल्या माणसाचे वजन होय.

मात्र या वजनाबद्दलची कुरकुर कितपत रास्त आहे, हेही तपासले पाहिजे. तीन किलोंची सॅक बिनलिफ्टच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, म्हणजे सुमारे १२ मीटर वर नेली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सॅकपुरते ३५३ ज्यूल काम होते. १०० वॉटांवर चालणारा लॅपटॉप ही ऊर्जा साडेतीन सेकंदांत उडवतो. चार जिने चढवण्याची मेहनत म्हणजे सेकंदाला साठच्या हिशेबाने अवघ्या २१२ फ्रेम. एवढ्यात गेमची मुख्य पाटीही पुरती उघडत नाही. तक्रार मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत चालते.

यापुढचा मुद्दा कळीचा. ७६ वॉट-तासांची बॅटरी ११० वॉटांनी रिकामी केली तर ती ४१ मिनिटे पुरेल. पुण्याहून डेक्कन क्वीनने निघालेला खेळाडू लोणावळा यायच्या आत अंधारात जाईल. म्हणूनच बॅटरीवर असताना लॅपटॉप स्वतःच कार्डाचा घास कमी करतो; खेळ लांबतो, पण बल अर्ध्यावर येते. डब्यातला सॉकेट मुळात किरकोळ चार्जिंगसाठी. यूएसबी-सीचा ६५ वॉटचा हलका चार्जर न्यावा, तर लेखनवाचन छान होते. खेळायला बसले की खर्च जमेहून जास्त, आणि वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते.

मोठी बॅटरी का बसवत नाहीत, असा प्रश्न येथे उभा राहतो. उत्तर विमान वाहतुकीच्या नियमात आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी प्रवासी विनापरवानगी बरोबर नेऊ शकतो. त्यापुढे, १६० पर्यंत, विमान कंपनीची संमती लागते. म्हणून तगड्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ किंवा ९९.९ वर येऊन थबकलेल्या दिसतात. आता ९९ ला १५० वॉटांनी भागा : पुन्हा चाळीसच मिनिटे. सॉकेटपासून दूर मनसोक्त खेळता येणारा लॅपटॉप अभियंत्यांच्या आळसामुळे राहून गेला आहे, असे नव्हे. विमानात सहज नेता येईल एवढ्या बॅटरीत तो खेळ मावतच नाही.

७. पूर्वपक्ष आणि खंडन

डेस्कटॉपवादी म्हणतात, त्याच पैशांत टेबलावरचा संगणक दुप्पट बलवान येतो. खरे आहे. पण पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्याला खोलीत एक कॉट, एक कपाट आणि अर्धे टेबल मिळते, आणि ते अर्धे टेबलही रूममेटचे असते.

हातयंत्रवादी २०२२ साली आलेल्या स्टीम डेककडे बोट दाखवतात : ६६९ ग्रॅम, ७ इंची पडदा, ४० वॉट-तासांची बॅटरी, आणि मुख्य चिप फार तर १५ वॉटांची. सॉकेटपासून दूर खेळण्याचा प्रश्न या पंथाने बुद्धाप्रमाणे तृष्णा कमी करून सोडवला आहे, हे मान्य. पण त्याच्यावर ऑटोकॅड चालवायचे आहे असे बाबांना सांगता येत नाही, आणि तेथे हा पक्ष गारद होतो.

तिसरा पूर्वपक्ष खुद्द बाबांचा, आणि तोच सर्वांत कठीण आहे. "प्लग लावूनच खेळायचं असेल, तर मग जरा मोठा, स्वस्त आणि थंड राहणारा का नाही घेत?" मोठ्या देहात मोठे पंखे बसतात, तेवढेच बल कमी आवाजात आणि कमी पैशांत मिळते, हे बाबांना यंत्रशास्त्र न शिकता कळलेले असते. त्यावर उत्तर एकच आहे. दिवाळीला हॉस्टेलवरून लातूरला रात्रीच्या बसने जाताना सॅक मांडीवर ठेवावी लागते, लोकलमध्ये ती छातीशी धरावी लागते, आणि दर शनिवारी मित्राच्या खोलीवर 'प्रोजेक्ट' असतो. या सर्व ठिकाणी निघताना प्लग असतो आणि पोचल्यावरही असतो. मधल्या वाटेवर फक्त वजन असते.

८. सिद्धांत

म्हणून असे ठरते की, छोटा गेमिंग लॅपटॉप हा सॉकेटपासून दूर नेण्यासाठी नसून एका सॉकेटपासून दुसऱ्या सॉकेटपर्यंत नेण्यासाठी असतो. तो चालता असताना बलहीन आणि बलवान असताना जागेवर. त्याची वाह्यता ग्रॅमांत मोजू नये. आठवड्यातून किती वेळा आपण सॉकेट बदलतो, या आकड्यात मोजावी. हा आकडा दोनच्या वर असेल तर चौदा इंची घ्यावा. महिन्यातून एकदा असेल तर सोळा इंची घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून रिक्षा करावी. शून्य असेल तर डेस्कटॉपवादी जिंकले.

यातून चार उपसिद्धांत निघतात. एक, कार्डाचे नाव ऐकल्यावर वॉट विचारल्याशिवाय मान हलवू नये. दोन, लॅपटॉप अडॅप्टरसकट तोलावा. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणावाल्याकडे असतो. तीन, अर्ध्या तासानंतरचे बल सांगणारे परीक्षणच वाचावे आणि त्यातून आपल्या गावच्या उन्हाळ्याची वजावट करावी. चार, मेमरी घेतानाच पुरेशी घ्यावी, कारण पातळ देहात ती बहुधा बोर्डावर झाळलेली असते. २०२० च्या जी१४ मध्ये काही झाळलेली असली तरी एक खाच होती. २०२४ च्या आवृत्तीत ती खाचही गेली, आणि वजन दीड किलोवर आले.

९. फलश्रुती

जो ही मीमांसा सेलच्या आदल्या रात्री वाचील, त्याची कार्टमधली वस्तू सकाळपर्यंत बदलेल. जो दुकानात उभ्याने वाचील, त्याला विक्रेता मॅनेजरच्या हवाली करील. जो वैशाखात वाचील, त्याचा लॅपटॉपविषयीचा राग निवळून तो सूर्याकडे वळेल. ज्याने आधीच सोळा इंची घेतला आहे, त्याच्या खांद्यांना बळ येईल. आणि ज्याच्या पलंगाशेजारी चालू स्थितीतला सॉकेट आहे, त्याला यातले सर्व फळ न वाचताच मिळालेले आहे.